अर्धा हॉल उठून गेला, मावशी!

या वेळचं पत्र नाशिकहून आलंय, थोडं कापून देतेय, कारण मूळ पत्र सहा पानी आहे आणि त्यातलं दीड पान नुसतं नवऱ्यावर आहे.

"मावशी, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी पिक्चर लावते. प्रोजेक्टर माझा, स्पीकर सोसायटीचा, चहा ज्याचा त्याचा. आजवर हसायचे नाहीतर रडायचे पिक्चर लावले, सगळे खूश होते. या वेळी म्हटलं जरा वेगळं, म्हणून चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' लावला. ग्रुपवर टाकलं की व्हेनिसला दोन अवॉर्ड, नॅशनल अवॉर्ड, भारताकडून ऑस्करला पाठवलेला, चुकवू नका!! ४२ जण आले, संपला तेव्हा १९ उरले होते आणि त्यातले दोघं झोपलेले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी, ज्यांच्याकडे १२ वर्षं आमच्या घराची चावी असते, त्यांनी ग्रुपवर लिहिलं की नुसत्या तारखा आणि तारखा, यापेक्षा खरं कोर्ट बरं. त्यावर आमच्या ह्यांनी लिहिलं, ज्यांना झेपत नाही त्यांनी सिरियल बघाव्यात. झालं. काकू दुसऱ्या दिवशी चावी परत देऊन गेल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. बी विंगचे, कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेले शिरस्तेदार काका मात्र अख्खा वेळ एकटे खो खो हसत होते, ते पिक्चरची टिंगल करतायत असं वाटून बाकीचे अजून वैतागले. एक जण म्हणाले हे असले पिक्चर फॉरेनमध्ये बक्षिसं मिळवायलाच काढतात. आमचे खजिनदार पहिल्या अर्ध्या तासात घोरायला लागले आणि तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मला विचारतात, ते झुरळांचं खरं असतं का हो? मावशी, माझं चुकलं का? बंद करू का हे सगळं? आणि एक कोणालाच सांगितलं नाहीये, दोनदा मी पण घड्याळ बघितलं. – प्रोजेक्टरवाली"

अगं प्रोजेक्टरवाली,

आधी चावीचं बघू, पिक्चर काय कुठे पळून जात नाहीये. जावईबापूंना वर पाठव. तू जाऊ नकोस, तू गेलीस की तू त्यांची वकील होणार आणि मग काकू पण साक्षीपुरावे काढणार, १२ वर्षांचे असतील ते. त्यांनी एकट्याने जायचं, दारातच म्हणायचं की काकू मी फार उद्धट लिहिलं, चुकलं माझं, आणि मग गप्प बसायचं. "पण" म्हणायचं नाही. "माझा उद्देश तसा नव्हता" हे तर अजिबातच म्हणायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चहा आला तर चहा पिताना पिक्चर कसा बघायला हवा होता ते समजावून सांगायला सुरुवात करायची नाही, तुझ्या त्या दीड पानावरून मला जी काय कल्पना आलीये त्यावरून ते करतील असं वाटतंय म्हणून आधीच सांगतेय. जिथे लिहिलं तिथेच, म्हणजे ग्रुपवर पण, एका ओळीत माफी. अपमान ४० लोकांसमोर आणि माफी जिन्यात, असं चालत नाही. चावी लगेच परत मागू नका, पुढच्या वेळी गावाला जाताना मागा.

आता तुझ्या घड्याळाचं. मी हा पिक्चर एप्रिल २०१५ मध्ये थिएटरला लागला तेव्हा बघितला, आमच्याकडे सकाळचा एकच शो होता. शेवटाकडे ते येतं बघ, कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, सगळे निघून जातात, शिपाई दिवे बंद करतो आणि रिकाम्या कोर्टात अंधार होतो, बराच वेळ तसाच राहतो. लोक उठले. मी पण उठले गं! पर्स खांद्याला लावली, चप्पल शोधली पायाने, आणि तेवढ्यात पडद्यावर लख्ख उजेड, जजसाहेब सहकुटुंब रिसॉर्टवर. अर्धे लोक उभे, अर्धे परत बसलेले, आणि मी पर्स तशीच खांद्याला अडकवून उरलेला भाग बघितला. मला हा पिक्चर प्रचंड आवडतो आणि मी त्यातून उठून निघाले होते, दोन्ही खरं आहे. तेव्हा दोनदा घड्याळ बघितलं म्हणून तू काही ढोंगी ठरत नाहीस. ढोंग काय असतं ते मला विचार. कॉलेजात असताना मुंबईत फिल्म सोसायटीत, म्हणजे वर्गणी भरून पिक्चर बघणाऱ्यांच्या मंडळात जायचे, तेव्हा एकदा एका परदेशी पिक्चरला मी पाचव्या मिनिटाला झोपले ती थेट टाळ्यांना उठले, बाहेर वडापाव खाताना कुणीतरी गंभीर चेहऱ्याने विचारलं कसा वाटला, मी म्हटलं "फार आतून आलाय." आणि सगळ्यांनी मान डोलावली. त्यातले अजून किती झोपले होते देव जाणे.

त्या फिल्म सोसायट्यांबद्दल आता फार भक्तिभावाने बोलतात लोक. १९४७ मध्ये कलकत्त्यात सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्तांनी कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू केली, १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचं फेडरेशन झालं, मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ चं. मोठं काम केलंय त्यांनी, नक्कीच. पण सोसायट्यांना परदेशी पिक्चर सेन्सॉरशिवाय दाखवायची मुभा होती आणि बरेच मेंबर नेमक्या तेवढ्यासाठी वर्गणी भरायचे, नको ते सीन नसले की मध्येच उठून जायचे. म्हणजे हॉल रिकामा होणं ही परंपरा जुनी आहे बाई, तुझ्यापासून सुरू झालेली नाही.

तुझं चुकलं का, तर हो, एका ठिकाणी चुकलं, पण पिक्चर निवडण्यात नाही चुकलं. तू ग्रुपवर काय लिहिलंस बघ. व्हेनिस, नॅशनल, ऑस्कर. सगळं खरं आहे, २०१४ ला व्हेनिसला ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि पहिल्या सिनेमासाठीचा लायन ऑफ द फ्यूचर असे दोन मिळाले, दिग्दर्शकाचं वय तेव्हा तिशीच्या आतलं, मग राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट, मग ऑस्करची एंट्री, जी पुढे नॉमिनेशनपर्यंत गेली नाही. पण तुझ्या ४२ जणांना तू पिक्चर दाखवायच्या आधी निकाल दाखवलास. आता खुर्चीवर बसलेल्या माणसाला कंटाळा आला तर त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात, एक तर माझ्यात काहीतरी कमी आहे नाहीतर अवॉर्ड देणारे येडे आहेत. माणूस दुसरा रस्ता धरणार, कोणीही धरेल, मी पण धरते. वर जावईबापूंनी येऊन सांगितलं की नाही नाही, पहिलाच बरोबर आहे. काकू पिक्चरवर चिडल्या नसतीलही एवढ्या, त्यांना आपण नापास झालो असं वाटायला लावलं याचा राग असेल.

तू त्यात काय आहे हे सांगायला हवं होतंस. म्हणजे असं की, मुंबईतला एक म्हातारा लोकशाहीर, शिकवण्या घेतो, वस्त्यांमध्ये गाणी म्हणतो, त्याला स्टेजवरून पोलीस उचलतात, आरोप काय तर त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. केस चालते. कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. कोर्ट सुटल्यावर वकील, सरकारी वकील आणि जज आपापल्या घरी जातात तेही बघायला मिळतं. हळू आहे, इंटरव्हल नाही, जवळपास दोन तास. पटलं तर या. एवढं लिहिलं असतंस तर कदाचित ४२ च्या ऐवजी २५ आले असते, पण ते आपण होऊन आलेले असते.

आणि आता ते वाक्य. मला खात्री आहे, काकू तारखांबद्दल बोलल्या तेव्हा तुझ्या तोंडावर आलं असणार, "अहो पण तेच तर दाखवायचंय!" नको. हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा वापरलंय आणि आता बंद केलंय, कारण त्यानंतर समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. कंटाळा आला? तेच तर दाखवायचंय. काही घडत नाही? तेच तर. आवाज नीट येत नाही? तेच तर. मग कुठलाच पिक्चर कधीच फसत नाही की! मुद्दाम केलंय हे सिद्ध झालं म्हणजे चांगलं केलंय हे सिद्ध होत नाही, मुद्दाम खारट केलेली आमटी पण खारटच लागते.

त्याच्याऐवजी विचार, नेमकं कुठे कंटाळा आला? हा खरा प्रश्न आहे आणि त्याला खरं उत्तर मिळतं. 'कोर्ट'मध्ये कंटाळ्याच्या दोन-तीन वेगवेगळ्या जाती आहेत असं माझं मत. सरकारी वकीलबाई कलमं वाचतात, एका सुरात, श्वास न घेता, १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा काढून आणतात, इंग्रजांनी केलेला, तिथे कंटाळता कंटाळता एकदम हसू फुटतं, की या बाई त्या कायद्याला आज काय म्हणून बाहेर काढतायत. जज बोलतात, मग तेच सुधारून टायपिंग करणाऱ्याला सांगतात, म्हणजे साक्षीदार एक बोलला आणि कागदावर दुसरंच गेलं, हे डोळ्यांसमोर होतं आणि कोणीच दचकत नाही. तुमचे शिरस्तेदार काका ह्यालाच हसत होते गं! आयुष्यभर त्यांनी हेच केलंय. एक बाई बिनबाह्यांचं घालून आली म्हणून जज तिची केस ऐकतच नाहीत, पुढची तारीख, ही गंमत ज्याने कोर्टात नोकरी केली त्याला जास्त कळणार. त्या हॉलमधला सगळ्यात जाणकार प्रेक्षक एकटा हसत होता आणि बाकीच्यांना वाटलं हा टिंगल करतोय. पुढच्या वेळी त्यांना चहाच्या वेळी दहा मिनिटं बोलायला लाव, पिक्चरवर नको, शिरस्तेदाराच्या नोकरीवर बोला म्हणावं. बघ सगळे कसे ऐकतात.

दुसरी जात म्हणजे घरचे सीन. सरकारी वकीलबाई लोकलमध्ये बसून साडीबद्दल बोलतात, मुलाला घेतात, घरी जाऊन स्वयंपाक करतात, सुट्टीला सगळे मिळून नाटकाला जातात. केस सोडून हे काय, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला हाच भाग सगळ्यात आवडतो, गीतांजली कुलकर्णीने ती बाई इतकी आपल्यातली केलीये की तिचा राग येत नाही, आणि राग येत नाही याचीच नंतर भीती वाटते. ते नाटक आठवतंय ना, ज्यात मुलीने परप्रांतीय मुलगा आणलाय आणि बाप त्याला हाकलतो आणि नाटकातलं पब्लिक टाळ्या पिटतं? आमच्या थिएटरात त्या नाटकातल्या विनोदांना खरंच हसले लोक, आणि मग थोड्या वेळाने गप्प झाले. पण हे सगळं एखाद्याला रेंगाळल्यासारखं वाटलं तर मी भांडायला जाणार नाही. मला स्वतःला शेवटची ती थप्पड, जज बाकड्यावर डुलक्या घेतायत, पोरं ओरडून उठवतात आणि ते एकाला ठेवून देतात, ती जरा लिहून आणल्यासारखी वाटते. इतका वेळ काहीच ठासून न सांगणारा पिक्चर शेवटी एकदम बोट दाखवतो. माझी बहीण म्हणते त्याच्याशिवाय पिक्चरला अर्थ नाही. दहा वर्षं झाली, अजून आमचं एकमत नाही आणि दिवाळीला आम्ही एकत्र असतो.

तिसरा कंटाळा मात्र पिक्चरचा नव्हताच, तुझ्या हॉलचा होता. प्लास्टिकच्या खुर्च्या ना? आणि सोसायटीचा स्पीकर, म्हणजे गणपतीत आरतीला वापरतात तो, त्याच्यावर कुजबुजत बोललेली मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. पिक्चरमध्ये हे सगळं आहे, आणि सबटायटल पडदा म्हणून लावलेल्या चादरीच्या खालच्या सुरकुतीत गेलेली असणार. त्यात हे सगळे लांबून घेतलेले शॉट, माणसं छोटी छोटी दिसतात, चेहरा जवळ आणून दाखवायची पद्धतच नाही, तेव्हा पडदा लहान आणि मागे ट्यूबलाइट चालू असेल तर तिसऱ्या रांगेच्या मागे काही म्हणजे काही पोचत नाही. मारामारीचा पिक्चर चादरीवर चालतो. हा नाही चालत. तेव्हा २३ लोक उठले त्यातले दहा तरी कंबरेमुळे उठले असं धर आणि स्वतःला थोडं माफ कर.

आता ते फॉरेनच्या बक्षिसांबद्दल बोललेले गृहस्थ. हा आरोप आपल्याकडे जुना आहे, १९८० मध्ये नर्गिस राज्यसभेत होत्या तेव्हा त्यांनी खुद्द सत्यजित रायांवर केला होता, की गरिबी बाहेर नेऊन विकतात. कधी कधी तो खरा पण असतो, असे पिक्चर मी बघितलेत जे आपल्याकडे बघतच नाहीत, आपल्या डोक्यावरून तिकडच्या ज्युरीकडे बघतात. पण 'कोर्ट'ला हा आरोप लावणाऱ्याला मी एवढंच विचारेन की बाबा, त्या लोकलमधल्या साडीच्या गप्पा, त्या नाटकातले टोमणे, जजने पोराच्या आजारावर सांगितलेला खड्याच्या अंगठीचा उपाय, यातलं व्हेनिसच्या माणसाला किती कळलं असेल? बहुतेक अर्धं. ते आपल्याला कळावं म्हणूनच ठेवलंय. शाहीर झालेले वीरा साथीदार नागपूरचे, 'विद्रोही' मासिक चालवणारे, चळवळीत आयुष्य घातलेले, एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले, गाणी संभाजी भगतांची. हा माल परदेशात विकायला बनवला असता तर याच्यापेक्षा खूप सोपा बनवला असता. पण हे तू ग्रुपवर लिहू नकोस हां, समोर भेटले तर बोल, ग्रुपवर पिक्चरची चर्चा म्हणजे रिक्षा स्टँडवर संसाराची चर्चा.

काकू किती वाजता उठल्या, ते मला कळलं नाही तुझ्या पत्रातून. कारण त्या मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष बरीच उशिरा येते. ती बाई काही रडत नाही, विचारलं तेवढं सांगते, नवरा दारू पिऊन उतरायचा कारण वास सहन होत नाही, वायूने एक डोळा गेलेला, आणि आत उतरायच्या आधी दगड टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे. ज्यांनी हे बघितलं आणि ज्यांनी नाही बघितलं, त्यांनी खरं म्हणजे दोन वेगवेगळे पिक्चर बघितले, त्यांच्यात वाद होऊच शकत नाही. काकू आधीच गेल्या असतील तर पुढे कधीतरी, चावी परत आल्यावर, दुपारी दोघी बसून तेवढाच सीन बघा लॅपटॉपवर. पूर्ण बघायचा आग्रह नको. आणि त्या म्हणाल्या की आवडला नाही, तर नाही आवडला, लाडू खा आणि या.

बंद करू का, विचारतेस. अगं तुझे खजिनदार अर्धा पिक्चर घोरले आणि तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये झुरळांचं विचारतात! ज्यांना फार आवडला त्यातल्या कोणी विचारलं का असं काही? तुझे हे तर नुसते सिरियलवर घसरले. खजिनदारांना सांग की हो, खरं असतं. आणि तेच खजिनदार आहेत तर अजून एक विचार, आपल्या सोसायटीची ड्रेनेजची टाकी कोण साफ करतं, मशीनची गाडी येते की माणूस उतरतो, आणि बिलात काय लिहिलेलं असतं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला आत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणजे सोसायटीने बोलावलं तरी. हे पिक्चरच्या चर्चेत नको, कमिटीच्या मीटिंगला काढा, तिथे आर्ट फिल्म आवडली की नाही याचा संबंधच येत नाही.

राहिला पुढचा शनिवार. निवड काकूंना करू दे. अगदी कुठलाही, तुझ्या नवऱ्याला सहन होणार नाही असा असला तरी. तुम्ही दोघं पहिल्या रांगेत, मधल्या दोन खुर्च्यांवर, शेवटपर्यंत, आणि घड्याळ घरी काढून ठेवून जा. उश्या पण ने, सगळ्यांसाठी.